रिटायर होऊन परदेशी राहायचंय, पण पैसे आहेत हे दाखवायचं कसं? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलावपाळीच्या कट्ट्यावर असो की वाशीच्या मिनी सीशोरला, साठीच्या पुढची चार माणसं जमली की गुडघेदुखीच्या जोडीने हल्ली हा विषय पण निघतोच, की थायलंडला म्हणे वर्षभर राहता येतं, पोर्तुगालचं कुणीतरी सांगितलं, दुबई तर काय तीन तासांवर. माझी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर, म्हणून सोसायटीतले लोक फाईल घेऊन घरी येतात आणि प्रश्न तेच तेच असतात, तर म्हटलं एकदाच सगळं टाईप करून ठेवावं. एक गोष्ट आधीच सांगतो. व्हिसा ऑफिसरला तुमची श्रीमंती बघायची नसते. पैसा तुमचाच आहे ना आणि उद्या लागला तर तुम्हाला काढता येईल ना, एवढंच त्याला कागदावर हवं असतं. आपल्याकडे पैसा असतो पण तो अशा अशा ठिकाणी असतो की कागदावर दिसतच नाही, खरी गोची तिथे होते.

नक्की किती पैसे दाखवायला लागतात?

देश कुठला त्यावर. सगळ्यात जास्त विचारणा थायलंडची असते म्हणून ते आधी. तिथला रिटायरमेंटचा व्हिसा, ज्याला नॉन-इमिग्रंट ओ-ए म्हणतात, तो वयाची ५० पूर्ण झालेल्यांना मिळतो आणि पैशाच्या तीन वाटा आहेत. एकतर बँकेत ८ लाख बाट एवढी शिल्लक, किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख बाट भरतील असं काहीतरी. बाट अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये कुठेतरी फिरतो असं धरलं तर ८ लाख बाट म्हणजे २० ते २४ लाख रुपये, आणि ६५ हजार बाट म्हणजे महिन्याला १ लाख ६० हजार ते १ लाख ९५ हजार. अर्ज भारतातूनच करायचा असेल तर ही शिल्लक भारतातल्या बँकेत असली तरी चालते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते उगाच आधीच पैसे तिकडे पाठवायच्या मागे लागतात.

पोर्तुगालचा डी-७ व्हिसा वेगळा आहे, तिथे शिल्लकीपेक्षा दर महिन्याला येणाऱ्या उत्पन्नावर भर असतो, म्हणजे पेन्शन, भाडं, डिव्हिडंड, व्याज असलं बसल्या जागी येणारं. मुख्य अर्जदाराला तिथल्या किमान वेतनाइतकं उत्पन्न लागतं, २०२५ साली ते ८७० युरो होतं, बायको किंवा नवरा बरोबर असेल तर त्याच्या निम्मे आणखी. म्हणजे दोघांचे १,३०५ युरो. हा आकडा दर जानेवारीला वाढतो तेव्हा जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. स्पेनचं गणित जास्त कडक आहे, तिथे आयप्रेम नावाचा एक सरकारी निर्देशांक आहे, महिना ६०० युरो, त्याच्या चारपट म्हणजे महिन्याला २,४०० युरो तुमच्यासाठी आणि बरोबरच्या प्रत्येक माणसामागे आणखी ६००. आणि तिथे कामधंदा अजिबात करायचा नाही, घरी बसून कन्सल्टन्सी पण नाही.

दुबईला वय ५५ आणि आधी १५ वर्षं नोकरी केलेली असावी लागते, मग १० लाख दिरहमची प्रॉपर्टी किंवा १० लाख दिरहमची ठेव किंवा महिन्याला १५ हजार दिरहम उत्पन्न, यातलं एक. इतर अमिरातींमध्ये उत्पन्नाची अट २० हजार आहे. व्हिसा पाच वर्षांचा. मलेशियाच्या एमएम२एचमध्ये, म्हणजे ‘मलेशिया माय सेकंड होम’ योजनेत, २०२४ च्या नियमांनुसार सिल्व्हर वर्गालाच दीड लाख डॉलरची एफडी आणि वर घर विकत घ्यायची अट आहे, त्यामुळे पूर्वी मलेशियाचं जे कौतुक ऐकायचो ते आता मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात राहिलेलं नाही असं माझं मत.

मुलगी न्यू जर्सीला आहे, मुलगा ऑकलंडला. तिकडचा रिटायरमेंट व्हिसा नाही का?

अमेरिकेत आणि कॅनडात असा व्हिसाच नाही. अमेरिकेत मुलगी सिटिझन असेल तर ती आईवडिलांचं ग्रीन कार्ड करते आणि तेव्हा उत्पन्न तिने दाखवायचं असतं, तुम्ही नाही. न्यूझीलंडला आहे, पण वय ६६ पाहिजे, साडेसात लाख न्यूझीलंड डॉलर तिथे गुंतवायचे, राहण्याखाण्यासाठी आणखी ५ लाख दाखवायचे आणि वर्षाला ६० हजारांचं उत्पन्न, हे सगळं एकत्र. वाचून झालं ना? चला पुढे.

घोडबंदरला दोन कोटींचा फ्लॅट आहे माझ्या नावावर, तो धरत नाहीत का?

नाही हो. फ्लॅटची किंमत शून्य धरतात असंच समजा, कारण फ्लॅट विकून पैसे हातात यायला किती महिने जातात ते आपल्यालाही माहीत आहे आणि त्यांनाही. सोनं, गावची जमीन, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू, हे सगळं त्याच गटात. जोडायचं तर जोडा, फाईल जाड दिसते, पण आकडा त्याच्या बाहेर पूर्ण व्हायला हवा.

फ्लॅटचं भाडं मात्र चालतं, आणि पोर्तुगालसारख्या ठिकाणी तर त्याला चांगलंच वजन आहे. अट एकच, भाडं कागदावर असलं पाहिजे. लीव्ह अँड लायसन्सचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचंच आहे, तरी अजून किती जण स्टॅम्प पेपरवर आपापसात सही करून मोकळे होतात आणि निम्मं भाडं रोख घेतात. ते रोखीतलं भाडं व्हिसाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. रजिस्टर्ड करार, त्याच रकमेचं दर महिन्याला बँकेत आलेलं क्रेडिट, आणि तेच भाडं रिटर्नमध्ये दाखवलेलं, या तिन्ही ठिकाणी आकडा जुळला की ऑफिसर पुढे काही विचारत नाही. करार अकरा महिन्यांचा असेल आणि दोनच महिने उरले असतील तर आधी रिन्यू करा, संपत आलेल्या करारावर कोण विश्वास ठेवणार.

एफडी चालते का? आणि पतपेढीतली? पोस्टातली?

शेड्यूल्ड बँकेतली एफडी बहुतेक ठिकाणी चालते, पण नुसती एफडीची पावती देऊ नका, बँकेकडून लिहून घ्या की ही ठेव मुदतीआधी मोडता येते आणि हिच्यावर कर्ज किंवा लीन, म्हणजे बँकेचा बोजा, नाही. त्यातला लीनचा मुद्दा महत्त्वाचा. कितीतरी जणांनी कधीतरी मुलाच्या शिक्षणासाठी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेतलेला असतो, तो फेडलेला असतो, पण सिस्टिममधून लीन काढायचं राहिलेलं असतं. सर्टिफिकेट मागायला जाता तेव्हा ते बाहेर येतं.

पतपेढीचं सोडून द्या. तुमच्या गल्लीतल्या पतपेढीवर तुमचा कितीही विश्वास असला तरी परदेशातल्या माणसाला ती बँक वाटत नाही आणि ती बँक नाहीयेच. सहकारी बँकांची गोष्ट वेगळी, ठाण्यात तर नावाजलेल्या सहकारी बँका आहेत आणि त्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या आहेत, पण ऑफिसरला नाव ओळखीचं नसलं की एखादा जास्तीचा प्रश्न येतो, म्हणून मी तरी लोकांना सांगतो की दाखवायची रक्कम एखाद्या मोठ्या बँकेत सेव्हिंगला आणून ठेवा. पोस्टाची एनएससी, केव्हीपी, मंथली इन्कम, सीनियर सिटिझन स्कीम हे सगळं सुरक्षित आहे यात वाद नाही, पण तिथून लगेच पैसे काढता येतात हे पटवून देणं कठीण. त्यांचं व्याज बँकेत जमा होतं ते उत्पन्न म्हणून दाखवा, मुद्दल राहू दे बाजूला.

म्युच्युअल फंडचं एकत्रित स्टेटमेंट पुरवणी म्हणून लावा. थायलंडला मुख्य आकडा बँकेतच लागतो.

माझी पेन्शन फार कमी आहे, मग संपलंच का?

इथे दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणजे बीएआरसी, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका, कोकण भवनातली राज्य सरकारची मंडळी, यांची पेन्शन बऱ्यापैकी असते आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हातात असतो. दुसरी म्हणजे ठाणे-बेलापूर रोडच्या आणि वागळे इस्टेटच्या कंपन्यांत तीस-तीस वर्षं काढलेली, ज्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते आणि ती काही हजारांतच अडकलेली असते, कारण पगाराची मर्यादाच १५ हजार धरलेली आहे, ३५ वर्षं धरली तरी सूत्राने साडेसात हजार येतात. या दुसऱ्या मंडळींनी उत्पन्नाच्या वाटेला जाऊच नये, सरळ शिल्लक दाखवावी. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे कुठेतरी असतातच, ते एका ठिकाणी आणायचे.

मधल्या लोकांसाठी थायलंडची तिसरी वाट सोयीची. सोपं व्हावं म्हणून बाट ३ रुपयांना धरू. पेन्शन महिना ६० हजार रुपये असेल तर ते झाले २० हजार बाट, वर्षाचे २ लाख ४० हजार. ८ लाखातून वजा केले तर उरले ५ लाख ६० हजार बाट, म्हणजे १६ लाख ८० हजार रुपये बँकेत दाखवले की झालं. पेन्शनसाठी पीपीओची कॉपी, बँकेचं किंवा कोषागाराचं पत्र आणि वर्षभराचं स्टेटमेंट लावा. राज्य सरकारी कागद मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या, आणि भाषांतरात नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच टाकायला सांगा, भाषांतरवाला आपल्या मनाने टाकतो.

बँकेचं सर्टिफिकेट कसं असावं?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण निम्म्या फायली इथेच अडतात. तुम्ही ब्रँचमध्ये जाऊन नुसतं बॅलन्स सर्टिफिकेट मागता, काऊंटरवरची मुलगी सिस्टिममधून एक कागद काढून देते, त्यावर असतं की अमुक तारखेला अमुक खात्यात अमुक शिल्लक आहे, खाली एक गोल शिक्का आणि कुणाचीतरी न वाचता येणारी सही. तो कागद इन्कम टॅक्सला चालेल, इथे नाही.

इथे हवं असं: बँकेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, अर्ज ज्यांच्याकडे करणार त्या एम्बसीला उद्देशून. तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसं अक्षर न अक्षर, पासपोर्ट नंबर, खातं कधी उघडलं ती तारीख, खात्याचा प्रकार, आजची शिल्लक रुपयांत आणि त्या दिवसाच्या दराने त्या देशाच्या चलनात, आणि एक ओळ की ही रक्कम खातेदाराला कधीही काढता येते, तिच्यावर कसलाही बोजा नाही. खाली मॅनेजरचं नाव, हुद्दा, एम्प्लॉयी नंबर, ब्रँचचा फोन. थायलंडच्या यादीत याला बँकेचं हमीपत्र म्हटलंय, मॅनेजर तो शब्द ऐकूनच घाबरतो कारण त्याला वाटतं बँक गॅरंटी मागतायत. त्याला सांगा गॅरंटी नकोय, हे खातं आणि ही शिल्लक खरी आहे एवढं प्रमाणित करायचंय. आणि मॅनेजर बदलून नुकताच आलेला असेल तर त्याने असलं पत्र आधी कधी दिलेलंच नसतं, म्हणून ड्राफ्ट स्वतः टाईप करून पेन ड्राईव्हवर किंवा मेलवर न्या, समोर बसून बदल करून घ्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनची गर्दी असते, कोणी तुमच्याकडे बघणार नाही.

स्टेटमेंट प्रत्येक पानावर सही-शिक्क्याचं घ्या. पासबुकात हाताने लिहिलेल्या एंट्र्या असतील तर ते पासबुक विसरा. सर्टिफिकेटवरची शिल्लक आणि स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीतली शिल्लक एकाच तारखेची असू द्या, मध्ये एखादं लाईट बिल ऑटो-डेबिट झालं आणि आकडा बदलला तरी विचारणा होऊ शकते.

सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट दिलं तर हे सगळं टळेल का?

टळणार नाही. ते वरची साय आहे, खाली दूध पाहिजे. करून घेतलंत तर त्यावर यूडीआयएन, म्हणजे सर्टिफिकेट खरं आहे का ते ऑनलाईन तपासायचा नंबर, आहे ना बघा, २०१९ पासून सीएच्या प्रत्येक सर्टिफिकेटला तो लागतोच.

पासपोर्टवर एक नाव, बँकेत दुसरं. काय करायचं?

हा खास आपला प्रश्न. पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण, बँकेत नुसती दोन आद्याक्षरं आणि आडनाव, पीपीओवर आडनाव आधी. पुरुषांचं हे बँकेत केवायसी अपडेट करून निस्तरतं, पासपोर्ट देऊन तेच नाव लावून घ्यायचं, आठवड्याभराचं काम.

बायकांचं जास्त अवघड असतं. लग्नात आडनाव तर बदललंच, पण आपल्याकडे त्या काळी पहिलं नावही बदलायचे, तांदळात लिहून. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक, नोकरी माहेरच्या नावाने लागली म्हणून पेन्शनवर तेच, बँकेत सासरचं आणि पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. इथे नुसतं अॅफिडेव्हिट काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही, त्यामुळे राजपत्रात नावबदलाची नोंद करून घेतलेली बरी, ऑनलाईन होते. आणि लग्नाचं सर्टिफिकेट! ऐंशीच्या दशकात लग्न झालेल्या कितीतरी जोडप्यांकडे लग्नपत्रिका आणि अल्बम सोडून काहीच नाही. थायलंडला बायको पन्नाशीच्या आतली असेल किंवा तिचे वेगळे पैसे दाखवायचे नसतील तर ती तुमच्याबरोबर ओ प्रकारच्या व्हिसावर येते आणि त्याला विवाह नोंदणीचा दाखला लागतोच. महापालिकेत आता जाऊनही नोंदणी होते, साक्षीदार आणि वयाचे पुरावे लागतात, भटजी हयात नसतील तर काय ते तिथेच विचारून घ्या, पण हे काम पहिलं करा.

खात्यात नुकतीच मोठी रक्कम आलीय, अडचण येईल का?

येऊ शकते, जर कुठून आली हे दाखवता आलं नाही तर. ठाण्यात सध्या निम्म्या जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला गेल्यात, नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कुठेही जा पत्रे लागलेले दिसतील, आणि बिल्डरकडून कॉर्पस, भाडं, शिफ्टिंगचे पैसे असे एकदम खात्यात येतात. स्टेटमेंटमध्ये फक्त कुठल्यातरी एलएलपीचं नाव दिसतं. बाहेरच्या माणसाला काय कळणार? तेव्हा डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटची ज्या पानावर तुमची रक्कम आहे त्या पानांची कॉपी, सोसायटीचं पत्र, आणि एका पानावर साध्या इंग्रजीत खुलासा की हे काय आहे. डोंबिवलीचा जुना फ्लॅट विकला असेल तर सेल डीड आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा. पीएफ असेल तर ईपीएफओचा सेटलमेंटचा कागद. प्रत्येक मोठ्या एंट्रीसमोर पेन्सिलने एक नंबर टाका आणि त्याच नंबरचा कागद मागे लावा. ऑफिसरचं काम सोपं केलंत की तो तुमचं करतो.

आणि जमलं तर रक्कम तशीच काही महिने पडू दे. आज आली आणि उद्या अर्ज केला असं दिसू नये.

एजंट म्हणतो पैसे नसले तरी चालेल, मी दाखवतो.

म्हणजे तो महिनाभरासाठी तुमच्या खात्यात पैसे टाकणार, सर्टिफिकेट निघालं की काढून घेणार आणि वर व्याज लावणार. इथेही असे आहेत आणि तिकडेही आहेत. पकडलं गेलं तर व्हिसा जातोच, पुढचे दरवाजेही बंद होतात, आणि साठीला तिथल्या इमिग्रेशनच्या ऑफिसात बसून खुलासे देत बसायचं कुणी सांगितलंय. शिवाय खरोखर २०-२४ लाख वेगळे काढून ठेवता येत नसतील तर तिकडे आजारपण आलं की काय करणार आहात, हा प्रश्न ऑफिसरने नाही, तुम्हीच तुम्हाला विचारायचाय.

जॉइंट अकाउंट आहे, आयदर ऑर सर्व्हायव्हर. चालेल?

भारतातून अर्ज करताना काही वेळा चालून जातं, काही वेळा विचारतात की यातले निम्मे बायकोचे ना. मग दुप्पट शिल्लक दाखवा नाहीतर एकट्याच्या नावाचं खातं ठेवा. थायलंडमध्ये पुढे मुदतवाढ करताना मात्र खातं अर्जदाराच्या एकट्याच्याच नावावर लागतं.

मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो, ते उत्पन्न धरतात का?

सहसा नाही, तो उद्या पाठवायचा थांबला तर? त्यापेक्षा त्याने एकदाच मोठी रक्कम द्यावी, गिफ्ट डीड करून, ती तुमच्या खात्यात राहू दे. मुलाकडून आलेल्या भेटीवर आपल्याकडे टॅक्स नाही.

पैसे तिकडे पाठवताना किती कापले जातात?

आधी मर्यादा बघा. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, त्याला एलआरएस म्हणतात, माणशी आहे. थायलंडला ती कधीच आड येत नाही. दुबईला येते! १० लाख दिरहम म्हणजे अडीच लाख डॉलरपेक्षा थोडे जास्तच होतात, तेव्हा एकट्याच्या एका वर्षाच्या मर्यादेत ती ठेव बसतच नाही, दोन आर्थिक वर्षांत विभागायला लागते किंवा नवरा-बायको दोघांची मर्यादा वापरायला लागते. बिल्डरला टोकन देऊन बसल्यावर हे कळलं तर पंचाईत.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो टॅक्स. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत काही नाही, त्याच्या वरच्या रकमेवर २० टक्के, शिक्षण आणि उपचारांचं वेगळं. म्हणजे २४ लाख एकदम पाठवले तर १४ लाखांवर २ लाख ८० हजार बँक आधीच कापून घेते. हा जादा टॅक्स नाही, रिटर्न भरलं की हिशोबात धरला जातो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत तो तुमच्या हातात नसतो. ज्याच्याकडे बरोब्बर २४ लाखच आहेत त्याची ८ लाख बाटची शिल्लक तिथेच कमी पडते. यावर सोपा उपाय आहे, १२ लाख मार्चमध्ये पाठवा आणि उरलेले १२ लाख एप्रिलमध्ये, मग दोन्ही वर्षांत १० लाखांची सूट मिळते आणि एकूण ८० हजारच अडकतात. मधल्या बँकांचे चार्जेस पण जातात वाटेत, त्यामुळे शिल्लक अगदी काठावर ठेवू नका, वीस-पंचवीस हजार बाट वर असू द्या.

तिकडे पोचल्यावर ते ८ लाख बाट वापरता येतात का?

पहिलं वर्ष ओ-ए वर गेलात तर पैसे भारतातच आहेत, तेव्हा प्रश्न नाही. पुढे तिथल्या इमिग्रेशनकडे एक वर्षाची मुदतवाढ मागाल तेव्हा ८ लाख थायलंडच्या बँकेत लागतात, अर्जाच्या आधी दोन महिने पडून असलेले. मंजुरी मिळाल्यावर तीन महिने तेवढेच ठेवायचे, त्यानंतर वापरा पण ४ लाखांच्या खाली कधीच जाऊ द्यायचं नाही. म्हणजे ४ लाख बाट कायमचे अडकले असंच धरून चाला. आणि पैसे बाहेरून आले हे दाखवणारा तिथल्या बँकेचा कागद जपून ठेवा. अर्जाच्या दिवशीच पासबुक अपडेट करून घ्यायचं, आदल्या दिवशीचं दाखवलं की परत पाठवतात. वर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो तो वेगळा.

उत्पन्नाच्या वाटेने मुदतवाढ घ्यायची तर ६५ हजार बाट दर महिन्याला बाहेरून खात्यात आलेले दिसायला हवेत. एखादा महिना चुकवून पुढच्या महिन्यात डबल पाठवला तर चालत नाही.

इथली खाती तशीच चालू ठेवली तर?

ठेवतात सगळे. नियमात बसत नाही. अनिश्चित काळासाठी बाहेर राहायला गेलात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, दृष्टीने तुम्ही अनिवासी, आणि सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं, करून घ्यायला लागतं. त्यात पेन्शन, भाडं येत राहतं, ते चालू उत्पन्न बाहेर पाठवता येतं, बाकीच्या मुद्दलाला वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यात आपण काही पोचत नाही. त्रास होतो तो व्याजाचा, एनआरओवर ३० टक्के अधिक सेस टीडीएस जातो आणि टीडीएस कापू नका सांगणारा पंधरा-एच फॉर्म भरून तो वाचवायची आपली सवय तिथे उपयोगी पडत नाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही.

थायलंडला वर्षात १८० दिवस राहिलात तर तिथले टॅक्स रेसिडेंट होता आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर तिथे टॅक्स लागू शकतो. १ जानेवारी २०२४ च्या आधीची बचत त्यातून सुटते, म्हणून त्या तारखेची सगळी स्टेटमेंट आत्ताच काढून ठेवा, दहा वर्षांनी बँक देईल न देईल.

मेडिक्लेम आहे आमचा, जुना आहे.

इथला मेडिक्लेम बहुतेक करून भारतातच चालतो, पॉलिसी वाचा. ओ-ए ला ३० लाख बाट किंवा १ लाख डॉलरचं कव्हर लागतं. सत्तरीनंतर नवीन पॉलिसी मिळणं जड जातं आणि प्रीमियम ऐकून माणूस बसतो खाली, त्यामुळे बजेटमध्ये हे आधी धरा, भाडं नंतर.

दोघांपैकी एक गेलं तर?

हा प्रश्न मोठ्याने कुणी विचारत नाही, चहा झाल्यावर जिन्यात विचारतात, आणि विचारतात त्या बायकाच. खरं उत्तर देतो. पैसे नवऱ्याच्या नावावर, व्हिसा नवऱ्याचा, बायको त्याच्यावर अवलंबून म्हणून राहतेय, अशा वेळी तो गेला की तिच्या राहण्याचा आधारच जातो आणि तिकडचं एकट्याच्या नावाचं खातं वारसाचे कागद होईपर्यंत हातात येत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, त्याच आठवड्यात हे सगळं. म्हणून जमत असेल तर दोघांनी स्वतंत्र व्हिसा घ्यावा, दोघांची वेगळी शिल्लक दाखवावी. नसेल जमत तर निदान तिच्या स्वतःच्या नावाचं खातं तिकडे असावं, त्यात परतीचं तिकीट आणि सहा महिन्यांचा खर्च असावा, आणि तिथल्या मालमत्तेपुरतं तिथेच वेगळं मृत्युपत्र करून ठेवावं. नवऱ्यांनो, एटीएमचा पिन सांगा घरात.

तयारी कधीपासून करायची?

वर्षभर आधी. नाव दुरुस्ती आणि लग्नाची नोंदणी पहिली, मग पैसे एका ठिकाणी आणणं, मग रिटर्न, आणि बँकेचं सर्टिफिकेट सगळ्यात शेवटी कारण ते लगेच शिळं होतं. पोलीस क्लिअरन्सही शेवटीच, वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट घेऊन. थायलंडचा अर्ज २०२५ पासून ऑनलाईन झालाय, तेव्हा स्कॅन रंगीत आणि सरळ काढा, मोबाईलने तिरका फोटो काढून शिक्का अर्धा कापलेला नको. मूळ कागद हाताशी ठेवा, मागवू शकतात.

आणि हयातीचा दाखला?

नोव्हेंबरात द्यायचाच, कुठेही असलात तरी. केंद्राच्या पेन्शनरला तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन सही घेता येते, राज्याच्या मंडळींनी निघण्याआधी कोषागारात विचारून ठेवा की बाहेरून आलेला दाखला ते कसा घेतात. दाखला पोचला नाही की पेन्शन थांबते, आणि पेन्शन थांबली की तुमचा उत्पन्नाचा पुरावाही त्याच महिन्यात तुटतो.